चौकटीत एकटी

नम्रता ही नम्रताच आहे याची खात्री पटत नाही, असं तिच्या फोनने गुरुवारी सकाळी तिला कळवलं. तेव्हा तिच्या कडेवर मनवा होती, पायाशी कुणाचा तरी एकच मोजा होता आणि गॅसवर सगळ्या मुलांचा मऊ भात शिजत होता.

धायरीत एका सोसायटीच्या तळमजल्यावर नम्रताचं 'गोधडी' नावाचं पाळणाघर होतं. दोन खोल्या, सतरा मुलं; त्यातलं सतरावं तिचं स्वतःचं, म्हणजे अडीच वर्षांची मनवा. मुलांचे आईबाप सकाळी हिंजवडीला निघत आणि सिंहगड रोडने सोडलं की संध्याकाळी परत येत. मदतीला दोघी होत्या. मालनबाई धायरी गावातल्याच. रशीदाताई मंडईच्या बाजूने बसने येत. दोघींचा पगार एक तारखेला पाकिटात मिळे. पाकिटाबद्दल आजवर कुणाचीच तक्रार नव्हती.

तक्रार बँकेने केली. रशीदाताईंच्या तरन्नुमला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीसाठी कर्ज हवं होतं. बँकेतल्या साहेबांनी आईच्या पगाराचा पुरावा मागितला. रशीदाताईंनी पाकीट पुढे केलं. साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"यावर काहीच लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"वर नव्हतंच काही. आत होतं, ते संपलं," रशीदाताई म्हणाल्या.

पगार खात्यात जमा झालेला दिसला पाहिजे आणि सोबत पगाराची स्लिप पाहिजे, गुरुवारी पाचच्या आत, असं साहेबांनी सांगितलं. शुक्रवारी कॉलेजात फी भरायची शेवटची तारीख होती. त्यानंतर तरन्नुमची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळणार होती.

"त्यात काय एवढं?" नम्रताचा नवरा सुदर्शन बुधवारी म्हणाला. तो आयटीत होता. "पगाराचं ॲप घे. पैसे खात्यात, स्लिप मेलवर. दहा मिनिटांचं काम आहे."

सुदर्शनची दहा मिनिटं घरात माहीत होती. पाळणाघराची भिंत त्याने दहा मिनिटांत रंगवायला घेतली होती. ती तीन रविवार चालली.

तरी नम्रताने ॲप घेतलं. गुरुवारी सकाळी दोघींची नावं, खाती, पगार सगळं भरून झालं आणि शेवटी मालकिणीची केवायसी उरली. सूचना सोप्या होत्या. चौकटीत एकच चेहरा हवा. चेहऱ्यावर उजेड हवा. डोळे मिचकावायचे, मान इकडे-तिकडे वळवायची, मग पडद्यावर येतील ते चार अंक मोठ्याने आणि स्पष्ट म्हणायचे. प्रयत्न पाच. पाचही फुकट गेले तर चोवीस तास कुलूप.

पहिल्या प्रयत्नात ॲपला दोन चेहरे आढळले. दुसरा मनवाचा होता. तिने डोळेसुद्धा मिचकावले होते.

नम्रताने मनवाला रशीदाताईंकडे दिलं. मनवाने रशीदाताईंकडे बघितलं, परिस्थिती ओळखली आणि भोकाड पसरलं. ते ऐकून शौर्य नावाचा एक मोठा मुलगा, म्हणजे साडेतीन वर्षांचा, काय झालं ते बघायला नम्रताच्या खुर्चीच्या पाठीवर चढला. दुसऱ्या प्रयत्नातही दोन चेहरे आढळले.

"मागं भिंत असली की कुणी येणार नाही," असा विचार करून नम्रता भिंतीला टेकून उभी राहिली. ॲपने थोडा वेळ घेतला आणि सहा चेहरे मोजले. भिंतीवर सुदर्शनने हसरा सूर्य, तीन फुलपाखरं आणि एक अस्वल काढलं होतं. फुलपाखरांनाही त्याने नाकडोळे दिले होते. ते अस्वल आजवर कुणाला अस्वल वाटलं नव्हतं. एका पालकांनी ते पाण्याची टाकी आहे का, असं विचारलं होतं. त्याचा चेहरा सगळ्यांत आधी ओळखला तो ॲपने.

"बाहेर जा की," मालनबाई म्हणाल्या. "फाटकापाशी उजेडबी हाय आन् पोरंबी न्हाईत."

नम्रता फाटकापाशी गेली. तोंडावर ऊन हवं म्हणून रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली, केस सारखे केले आणि फोन वर धरला. ॲपने या वेळी आकडासुद्धा सांगितला नाही. 'अनेक चेहरे आढळले,' एवढंच म्हणालं. रस्त्यापलीकडे कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. मध्ये भाऊ, आणि खाली शुभेच्छुक, ओळीने, पासपोर्ट फोटोतल्यासारखे नम्रताकडे बघत होते.

मालनबाईही फाटकापर्यंत आल्या होत्या. त्यांनी फ्लेक्स नीट न्याहाळला.

"तिसऱ्या रांगेतला, गॉगलवाला, तो माझा पुतण्या हाय," त्या म्हणाल्या. "त्याला सांगू का फ्लेक्स उतरव म्हणून?"

"उतरवेल?"

"न्हाई. पैसं भरल्यात त्यानं फोटोचं."

उरला बाथरूम. तिथे भिंतीवर फरश्या होत्या आणि फरश्यांना नाकडोळे नव्हते. नम्रता आत गेली, कडी लावली, दिवा लावला, बादली उपडी घालून तिच्यावर बसली. चौकटीत एकच चेहरा आला. तिने डोळे मिचकावले. मान डावीकडे केली. मान उजवीकडे केली.

पाळणाघरात एकजण बाथरूममध्ये गेलं की सगळ्यांना लागते. दारावर पहिली थाप पडली. मग दुसरी. मग दाराबाहेर रांग लागली आणि रांगेत सगळ्यांत पुढे उभी राहून मनवा दाराच्या फटीतून बोलू लागली, "आई, तू काय करते? आई, तू शी करते? आई, मी बघू?"

'पार्श्वभूमीला इतर आवाज आहेत,' ॲप म्हणालं, आणि कुलूप लागलं.

नम्रताने सुदर्शनला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. त्याने हळूच विचारलं, "झालं का?"

"पाचही गेले."

"अगं, पण करायचं काय होतं? नुसतं एकटीनं बसायचं होतं."

नम्रताने फोन ठेवला. तिच्याकडे उत्तर होतं, पण ते मीटिंगमध्ये ऐकण्यासारखं नव्हतं.

मग तिने ॲपच्या मदतकेंद्राचा नंबर फिरवला. बऱ्याच संगीतानंतर एक बाई बोलल्या. आवाज दमलेला, पण नम्र होता.

"नमस्कार, मी पूर्णिमा बोलतेय. मी आपली काय मदत करू शकते?"

नम्रताने सगळं सांगितलं. अस्वलासकट.

"मॅडम, फ्रेममध्ये आपण एकट्या हव्यात," पूर्णिमा म्हणाली.

"मी एकटी असते तर पाळणाघर कशाला काढलं असतं?"

"ते बरोबर आहे. पण सिस्टीमला तसंच लागतं. असं करा ना, आपण शेवटच्या जिथं एकट्या बसला होतात, त्या जागी बसून करा."

सूचना साधी होती. नम्रताने आठवून बघितलं. मनवाच्या जन्माआधी एकदा दातांच्या डॉक्टरकडे ती एकटी बसली होती. तिथेही पुढ्यात डॉक्टर होते.

"मॅडम? आहात ना?"

"आहे. हे बघा, माझं राहू द्या. आमच्या इथल्या बाईंच्या मुलीची उद्या फी भरायचीय. आज पाचच्या आत स्लिप बँकेत गेली नाही तर तिची जागा जाईल. मला आज खरी ठरवा. उद्यापासून नाही ठरवलंत तरी चालेल."

पलीकडे थोडा वेळ कीबोर्ड वाजला. "सुपरव्हायझरना विचारून आपल्याला एक प्रयत्न देतेय. एकच हं, मॅडम. तीन वाजेपर्यंत चालेल. आणि बाथरूममध्ये नका करू. आवाज घुमतो."

तीनच्या आत पाळणाघरात जी शांतता असते ती एकच, दुपारच्या झोपेची. एक वाजता गोधड्या अंथरल्या जात. दोनपर्यंत बहुतेक मुलं आडवी होत आणि मग तिथे कुणी बोलत नसे. दाराची बेल बंद करत. कुकर लावत नसत. एक मूल उठलं की सगळी उठतात आणि संध्याकाळपर्यंत कुणालाच काही सुधरत नाही, हा अनुभव होता.

त्या दुपारी रशीदाताईंनी मुलांना झोपवलं ते डोळ्यात तेल घालून. शौर्यला झोप येत नव्हती. त्याच्या पाठीवर त्या इतका वेळ थोपटत राहिल्या की शेवटी बिचारा कंटाळून झोपला. दोन वाजून गेले. बँक मंडईजवळ होती आणि धायरी फाट्यापासून पुढे कधी पोहोचायचं हे आपल्या हातात नव्हतं. रशीदाताई पर्स खांद्याला लावून, चपला हातात घेऊन दारापाशी उभ्या राहिल्या.

अस्वलाचा बंदोबस्त मालनबाईंनी केला. त्यांनी भिंतीपुढे एक पांढरी चादर धरली आणि स्वतः चादर आणि भिंत यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. चादरीच्या वरच्या कडेला त्यांची फक्त बोटं दिसत होती. बोटांना ॲपची हरकत नसावी. नम्रता चादरीला पाठ लावून जमिनीवर बसली. शेजारच्याच गोधडीवर मनवा झोपली होती. तिला हलवायची कुणाची हिंमत नव्हती.

चौकटीत एकच चेहरा आला. डोळे झाले. डावीकडे झालं. उजवीकडे झालं. मग पडद्यावर चार अंक आले आणि खाली सूचना आली: मोठ्याने आणि स्पष्ट म्हणा.

"सात, चार, नऊ, दोन," नम्रता कुजबुजली.

'आवाज ऐकू आला नाही. पुन्हा म्हणा.'

तिने थोडा आवाज चढवला. कोपऱ्यातल्या दोन गोधड्या हलल्या. दारातून रशीदाताईंनी दोन्ही हात वर करून थांबा अशी खूण केली. आवाज लहान ठेवला तर तरन्नुमची फी जाणार होती. मोठा केला तर सगळी मुलं उठणार होती, आणि मग चौकटीत ती एकटी राहणार नव्हती, म्हणजे फी जाणारच होती.

'आवाज ऐकू आला नाही. शेवटची संधी.'

तेवढ्यात मनवाने डोळे उघडले. अजून तिला आई दिसली नव्हती, ती छताकडे बघत होती, पण खालचा ओठ बाहेर यायला लागला होता. हा ओठ पूर्ण बाहेर आला की पुढे काय होतं ते नम्रताला पाठ होतं. तिने विचार केला नाही. एका हातात फोन तसाच धरून तिने दुसरा हात मनवाच्या पोटावर ठेवला, थोपटायला लागली, आणि रोज म्हणते त्या चालीवर, खुल्या गळ्याने म्हणायला लागली. शब्द मात्र डोळ्यांपुढे होते तेच आले.

"सा...त गं मनू, चा...र गं मनू, नऊ गं माझी मनू, दोन..."

एवढ्या मोठ्या आवाजाने एकही गोधडी हलली नाही. त्या खोलीत या वेळी हा एकच आवाज मोठा असला तरी चालत असे. मनवाचा ओठ आत गेला. डोळे मिटले. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. तो बराच वेळ फिरला. त्याने अंगाई याआधी ऐकली नसावी. मग तो हिरवा झाला.

'पडताळणी पूर्ण झाली. स्वागत आहे, नम्रता.'

तिने पगाराचं बटण दाबलं. काही क्षणांनी दारात रशीदाताईंचा फोन थरथरला. त्यांनी मेसेज वाचला, मग स्लिप उघडून वाचली, त्यावर स्वतःचं नाव वाचलं. बोलायची सोय नव्हती. त्यांनी चपला धरलेला हात तोंडावर ठेवला, दुसऱ्या हाताने नम्रताकडे बोट केलं, मग वर केलं, आणि अनवाणीच तळमजल्याच्या दोन पायऱ्या उतरून गेल्या.

"झालं काय?" चादरीमागून मालनबाईंनी हळूच विचारलं. "हात भरून आलं माझं."

पावणेपाचला रशीदाताईंचा फोन आला. वाटेत छापून नेलेली स्लिप साहेबांनी घेतली होती. उलटसुलट करून पाहिली होती. या वेळी तिच्यावर लिहिलेलं होतं.

पुढच्या महिन्यात पगाराआधी ॲपने पुन्हा पडताळणी मागितली. या वेळी नम्रताने कुठलीच कसर ठेवली नाही. मनवाला सुदर्शनबरोबर बागेत पाठवलं. मुलं यायच्या आधी, रिकाम्या पाळणाघरात, इस्त्रीचा ड्रेस घालून, भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या चादरीसमोर बसली. नवे अंक आले. तिने ते बातम्या देतात तसे खणखणीत आवाजात म्हटले.

'आपला आवाज नोंदवलेल्या नमुन्याशी जुळत नाही,' ॲप म्हणालं.

तिने पुन्हा म्हटले. पुन्हा जुळला नाही. मदतकेंद्रात या वेळीही पूर्णिमाच निघाली.

"मॅडम, मागच्या वेळी ज्या पद्धतीनं बोलला होतात, त्याच पद्धतीनं बोलायचं," ती म्हणाली.

"त्याच पद्धतीनं?"

"हो. सिस्टीम आता आपल्याला तशीच ओळखते."

नम्रताने रिकाम्या खोलीत इकडे-तिकडे बघितलं. मग हात नुसत्याच गोधडीवर ठेवला, थोपटायला लागली, आणि सहा, एक, आठ, तीन चालीवर म्हणून दाखवले. गोल हिरवा झाला.

"झालं, मॅडम," पूर्णिमा म्हणाली. पण तिने फोन ठेवला नाही. "एक विचारू का? हे कॉल रेकॉर्ड होतात, तरी विचारते."

"विचारा ना."

"मागच्या महिन्यात आपला नमुना तपासायला माझ्याकडे आला होता. चाल लक्षात राहिली. माझा मुलगा सात महिन्यांचा आहे. रात्री दुसरं काहीही म्हटलं तर रडतो, आणि ते म्हटलं की झोपतो. पण माझ्याकडे चारच अंक आहेत. दोन आलं की संपतं आणि तो जागा होतो. पुढचं कडवं असेल तर म्हणाल का?"

नम्रताने घड्याळाकडे बघितलं. मुलं यायला थोडा वेळ होता.

"म्हणते," ती म्हणाली. "पण अंक कुठले घेऊ?"

"कुठलेही घ्या, मॅडम. त्याला अजून मोजता येत नाही."