अण्णांची मच्छरदाणी

अण्णा घैसास कलकत्त्यात, बेहाल्याच्या त्या घरात आठ वर्षं राहत होते आणि आठ वर्षांत त्यांनी भिंतीत एकही खिळा ठोकला नव्हता. दुसऱ्या कुणालाही ठोकू दिला नव्हता. शर्ट खुर्चीच्या पाठीवर, पंचा अण्णांच्या गळ्यात, छत्री कोपऱ्यात आणि कॅलेंडर जमिनीवर, भिंतीला टेकवलेलं. तारीख बघायची तर उकिडवं बसावं लागे. मी पहिल्या दिवशी कोट काढला आणि सहज विचारलं, खुंटी कुठं आहे? अण्णांनी माझा कोट घेतला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"खुंट्या बिऱ्हाडात असतात," ते म्हणाले. "आपण काय, तात्पुरते."

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. माझी गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत बदली झाली होती. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते आणि कुमुदला साताऱ्याला माहेरी ठेवून मी एकटाच कलकत्त्याला आलो होतो. पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांनी शहर नुसतं ओसंडून वाहत होतं. क्वार्टर कधी मिळेल ते सांगायची कुणाची छाती नव्हती. कचेरीतले अण्णा घैसास हे आपल्याकडचेच, पन्नाशीतले, एकटे. त्यांच्याकडे दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर, आणि त्यांच्याबरोबर राहणारा सोबती नुकताच बदलून गेलेला. "चार दिवस काढ," असं म्हणून त्यांनी मला बाहेरची खोली दिली. आतली त्यांची.

तात्पुरतेपणाचं अण्णांचं शास्त्र फार कडक होतं. रोज सकाळी उठले की ते अंथरुणाची वळकटी बांधत, पट्टा आवळत आणि वर आपली काळी टोपी ठेवत. पाहणाऱ्याला वाटावं, टांगा खाली उभा आहे. ताट एक, वाटी एक, तांब्या एक. लोणच्याची बरणी त्यांनी कधी घेतली नाही, कारण लोणचं मुरायला वेळ लागतो आणि तेवढे दिवस आपण इथं असू याची काय खात्री? बंगालीही ते शिकले नव्हते. भाजीवाल्याशी, ट्रामच्या कंडक्टरशी ते शुद्ध मराठीत बोलत, फक्त जरा मोठ्यानं. उद्या बदली पंजाबात झाली तर ही भाषा काय चाटायची, असं त्यांचं म्हणणं.

खरी पंचाईत होती ती मच्छरदाणीची. कलकत्त्यात माणूस एक वेळ जेवल्यावाचून झोपेल, मच्छरदाणीवाचून नाही. आणि मच्छरदाणीला चार कोपऱ्यांना चार खिळे लागतात. अण्णांनी दोन दोऱ्या खिडकीच्या गजांना बांधल्या होत्या, तिसरी दाराच्या कडीला आणि चौथी छत्रीच्या मुठीला. ती छत्री रात्री सामानानं भरलेल्या ट्रंकेत उभी खोवलेली असे. अण्णा त्या तंबूत हळूच शिरत आणि रात्रभर कूस न बदलता झोपत.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच पहाटे मागच्या नळाला पाणी आल्याचा आवाज ऐकून मी बादली घेऊन निघालो आणि वाटेतलं अण्णांच्या खोलीचं दार उघडलं. दोरी ताणली गेली, छत्री उपटली गेली आणि सगळा तंबू छत्रीसकट अण्णांच्या अंगावर आला. मी हातात बादली घेऊन तसाच उभा. जाळीच्या ढिगातून अण्णांचा शांत आवाज आला, "आधी बाहेरून हाक, मग मी गाठ सोडणार, मग दार." त्यानंतर मी रोज पहाटे पाण्यासाठी हाक मारू लागलो. शेजारच्यांना वाटे, आम्ही मराठी लोक देवाला फार लवकर उठवतो.

मी जेव्हा जेव्हा खिळ्याचा विषय काढी, तेव्हा अण्णा घरमालक दत्तबाबूंचं नाव पुढं करत. दत्तबाबू बिचारे खालीच राहत. त्यांनी खिळ्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. उलट नवा भाडेकरू आला की ते त्याला वर आणून आमच्या कोऱ्या भिंती कौतुकानं दाखवत आणि अण्णा शेजारी टोपी घालून उभे राहत.

चार दिवसांचे चार महिने झाले. कुमुदच्या पत्रांत आधी असायचं की मी मजेत आहे, मग आलं की जागेचं काय झालं, आणि मग नुसतंच "तुमची प्रकृती कशी आहे" येऊ लागलं. त्या कोरड्या ओळीनं मी हादरलो. क्वार्टरचा पत्ता नव्हता. तिला आणायचं तर याच घरात, आणि जागा होती अण्णांच्या नावावर. बायकोला आणू का हे विचारायचं म्हणजे या गृहस्थाच्या घरात बिऱ्हाड थाटू का, असं विचारणं. बिऱ्हाड म्हणजे पोळपाट, डबे, देव, दोरीवर लुगडी. खिळ्याला नाही म्हणणारा माणूस याला हो कसा म्हणेल? ते नाही म्हणाले तर नोकरी सोडून साताऱ्याला जायचं, इथवर माझी मजल गेली होती.

एका रविवारी दुपारी जेवणानंतर मी एका दमात सगळं बोलून टाकलं. अण्णांनी ऐकून घेतलं. वळकटीवरची टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि बाहेर पडले. मला वाटलं, आता हे दुसरी जागा बघायला गेले. मी आतून अगदी खचून गेलो.

तासाभरानं ते परत आले ते रस्त्यापलीकडच्या एका कारखान्यातून हातोडा मागून घेऊन. एका हातात कागदात बांधलेले खिळे. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला आणि मला विचारलं, "सूनबाई तुझ्या खांद्याला लागते की कानाला?"

मी लाजून चूर. म्हणालो, "कानाच्या जरा खाली."

त्यांनी मला भिंतीशी उभं केलं, माझ्या कानाखाली बोटानं खूण केली आणि तिथं खिळा ठोकला. आरशाचा. मी म्हटलं, अण्णा, मला वाकून बघावं लागेल. ते म्हणाले, आरसा तुझ्यासाठी नाही. मग पाठ माझ्याकडेच ठेवून ते बोलले, "बराकपूरला असताना आमच्या हिच्यासाठी मी असाच अंदाजानं ठोकला होता. चार बोटं खाली की वर, ते ती आल्यावर सांगणार होती. निघायच्या आठवड्यात माहेरीच विषमज्वर झाला. आलीच नाही."

मी नुसता खिळे हातात देत राहिलो आणि ते ठोकत राहिले. मच्छरदाणीचे चार, कपड्यांचे तीन, देवाच्या तसबिरीचा एक. आवाज ऐकून दत्तबाबू धावत वर आले, तोंडाचा आ करून भिंतीकडे बघू लागले. अण्णांनी हातोडा खाली ठेवला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा बंगाली बोलले, आणि चांगलं बोलले. "बौमा आशछे." सूनबाई येतेय. दत्तबाबूंचा चेहरा एकदम उजळला आणि ते खाली बायकोला सांगायला पळाले.

कुमुद आली. अण्णांनी आपली वळकटी बाहेरच्या खोलीत आणली, आणि स्वतःच्या भिंती मात्र पुन्हा कोऱ्याच ठेवल्या. दोन दोऱ्या गजांना, एक कडीला, एक छत्रीला. कडी या वेळी घराच्या मुख्य दाराची. कुमुदला सांगायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला, कुमुदनं दार उघडलं आणि तंबू कोसळला. ती आधी घाबरली, मग तिला हसू आवरेना. छत्री बाजूला करून तिनं अण्णांना जाळीतून सोडवलं, दूध घेतलं आणि आतून तो अजून परत न दिलेला हातोडा आणि उरलेले खिळे घेऊन आली. खुर्ची ओढून वर चढलीसुद्धा.

"सूनबाई, राहू दे," अण्णा म्हणाले. "मी तात्पुरता."

"असा ना तात्पुरते," कुमुद म्हणाली. "पण तोवर नीट झोपा. खुर्ची धरा जरा, हलतेय."

अण्णांनी खुर्ची धरली. मी दारात उभा होतो. एक खिळा झाला, दुसरा झाला. चार पुरे झाल्यावर ती उतरू लागली, तरी अण्णांनी खुर्ची सोडली नाही. वळकटीवरच्या टोपीकडे एकदा पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"आता चढलीच आहेस, तर आणखी एक ठोक. टोपीला."