अर्धा किलो सरस आणि एक पोकळ गिटार

अनिरुद्धच्या जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर एक इलेक्ट्रिक गिटार पोट उघडं टाकून उताणी पडली होती. आतून पोकळ. तीन महिने, कॉलेजात शिकवून घरी आल्यावर, त्याने ती मुलीसाठी घडवली होती. वरची फळी तेवढी चिकटवायची होती, आणि ती आजच चिकटायला हवी होती. शनिवारी वल्लरीची कॉलेजच्या बँडसाठी निवड होती. "नाही झाली तर वर्गातल्या दर्शनची गिटार घेते, बाबा. टेन्शन नका घेऊ," असं ती म्हणाली, आणि तेव्हापासून अनिरुद्धला टेन्शनशिवाय काही सुचत नव्हतं.

"एवढं मोठं पोट, आन् आत नुसतं वारं," सर्जेराव म्हणाले. हे अनिरुद्धचे वडील, साताऱ्याचे. लष्करात सुतारकाम करण्यात हयात गेलेली. "ह्याला बाटलीतला पांढरा डिंक चालायचा न्हाई. सरस पायजे."

अनिरुद्धने बाहेर गेलेल्या मुलीला फोन लावला. "येताना अर्धा किलो सरस आण गं."

ती दुधाची पिशवी घेऊन आली. जयपुरात वाढलेली पोर. तिच्या लेखी सरस म्हणजे तिथल्या सरस डेअरीचं दूध. लाकूड चिकटवायचा सरस तिने जन्मात ऐकला नव्हता.

"अगं, दूध नव्हे! दाणेदार असतो. पिवळसर. गरम केला की वितळतो, गार झाला की गोठतो."

वल्लरीचा चेहरा उजळला. "हां, मतलब ते! ते पण मिळतं ना!"

"वाटी गरम पाण्यात ठेवून वितळव!" जिना उतरणाऱ्या मुलीला त्याने ओरडून सांगितलं.

थोड्या वेळाने सोनेरी, वाफाळती वाटी आली. सर्दीने अनिरुद्धचं नाक चोंदलेलं. त्याने ब्रश बुडवला आणि तान्ह्या बाळाच्या टाळूला तेल लावावं तसा गिटारीच्या काठावरून हळुवार फिरवला.

बाल्कनीत उन्हाला बसलेले सर्जेराव हुंगत आत आले. "शिरा कोण करतंय?"

त्यांनी काठावरून बोट फिरवलं आणि चाटलं. "तूप झ्याक हाय."

"पण तुम्हीच बोलले ना बाबा, दाणेदार, पिवळं, वितळतं!" वल्लरीचे डोळे भरून आले. "सगळं मॅच होत होतं!"

अनिरुद्धने मनातल्या मनात पुन्हा जुळवून पाहिलं. होत होतं खरं.

"मीच जातो," तो म्हणाला. सरसाला हिंदीत सरेस म्हणतात, एवढं त्याने फोनवर शोधलं आणि वाटभर घोकलं. "भैया, सरेस देना," तो हार्डवेअरच्या दुकानात म्हणाला.

"कितने नंबर का?"

सरसाला नंबर असतो? अनिरुद्ध गोंधळला. "बीच का," तो म्हणाला.

घरी पुडी उघडली तर आत पॉलिश पेपरचे चार ताव.

"हे सरेस कागज, बाबा!" वल्लरीला रडता रडता हसू फुटलं. "याने घासतात!"

"मग घासा की," सर्जेराव म्हणाले. "तूप प्यालेल्या लाकडाला आधी हेच पायजे."

तिघांनी मिळून काठ घासला, कोरडं लाकूड लागेपर्यंत. मग वल्लरी उठली. "आता मी आणते."

"मी येतो."

"नको. तुम्ही दुकानात बोलाल."

ती खरा सरस घेऊन आली. "भैयाला बोलले, जो एक बार पकड़े तो छोड़े नहीं, वो दो."

सरस लागला, फळी बसली. "दाबून धरा. ह्यो भराभर गोठतो, कुणी हललं तर बघा," सर्जेराव म्हणाले. सहा हात फळीवर टेकले. इतक्यात टेबलावर वल्लरीचा फोन थरथरला. दर्शन.

"गिटार घेऊन येऊ का विचारत असेल," ती म्हणाली. हात मात्र तिने काढला नाही.

टेबलाची थरथर लाकडात चढली, पोकळ पोटात शिरली आणि आत कुठेतरी मंद घुमू लागली. वल्लरीने कान फळीजवळ नेला.

"बाबा, वाजतेय!"

फोन थांबला. गिटारीतली घुमही विरली.

"त्या पोराला म्हणावं," सर्जेराव हळूच म्हणाले, "परत फोन कर."