कंट्रोलर दाजींची खालची गाडी

रोज दिवेलागणीला आमच्या शेजारच्या घरातून घोषणा ऐकू येई. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. आचऱ्याहून समुद्राच्या तळाकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. उभ्या प्रवाशांनी बसून घ्यावे." मग पंख्याची खडखड आणि शांतता. दाजी खाली गेलेले असत.

दाजी निवृत्त होईपर्यंत कणकवलीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, स्वतः मात्र आचरा आणि कणकवली याखेरीज फारसे कुठे गेले नाहीत. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, पण ते त्याच्याकडे पाठ करून बसत. लहानपणी एकदा होडीत बसवलं तेव्हा पोटातलं सगळं बाहेर आलं होतं. तेव्हापासून त्यांनी ओळखच तोडली. "तेच्या मिठाशी माझो संबंध," म्हणत, "पाण्याशी नाय."

अशा माणसाला मुलगा निघाला तो समुद्राचा तळ तपासणारा. विलास बायको-पोरासह परदेशात असे आणि महिनोन् महिने संशोधनाच्या जहाजांवर जाई. काकी, म्हणजे दाजींची बायको, वारल्या तेव्हा तो येऊ शकला नाही. भर समुद्रात होता, असं दाजींनीच सगळ्यांना सांगितलं. अग्नी पुतण्याने दिला. गाव थोडं कुजबुजलं आणि गप्प झालं.

काही महिन्यांनी विलासकडून एक खोकं आलं. त्यात हेल्मेटसारखं यंत्र होतं, आत डोळ्यांसमोर दोन छोटे पडदे, आणि सोबत सीडी. कुठल्याशा मोहिमेत जहाजावरून आवाज सोडून समुद्राची खोली मोजली होती, कॅमेरे लावलेलं एक बिनमाणसाचं यंत्र तळापर्यंत उतरवलं होतं. त्या सगळ्या आकड्यांच्या आणि चित्रांच्या सॉफ्टवेअरने डोंगर-दऱ्या करून ठेवल्या होत्या. हेल्मेट घालून मान वळवली की आपण तिथे. विलासने फोनवर सांगितलं होतं, "बाबानू, मी खंय काम करतंय तां ह्यात दिसात तुमका." दाजींनी कॉम्प्युटर घेतला, कणकवलीचा एकजण येऊन सगळं जोडून गेला. व्हर्च्युअल रिॲलिटी हे नाव दाजींच्या तोंडी "व्हर्चल" झालं.

मी गावातल्या मराठी शाळेत शिकवत होते. दाजींनी एकदा मलाही नेलं. "बाई, चढा," म्हणाले आणि हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं. त्याला त्यांच्या खोबरेलाचा वास येत होता. ते स्वतः पडद्यासमोर माऊस धरून बसले. सुरुवातीला नुसता काळोख. मग दिव्याच्या उजेडात राखाडी चिखल, उतार, फुटलेले दगड.

"धरून बसा, ह्यो फोंडा घाट. आता सावकाश. ह्यो तळेरे फाटो. डावीकडे वळलात काय देवगड."

समोर खरोखरच दरी दोन वाटांनी फुटली होती. नकाशातली तिथली नावं इंग्रजी होती, ती दाजींनी कधी वापरली नाहीत; आपल्या एसटीच्या वाटेवरचीच नावं दिली. पुढे एका उंच दगडी नळकांड्यातून धुरासारखं काळं, कढत पाणी निघत होतं.

"ही कोणाची तरी चूल," दाजी म्हणाले. "रोज पेटलेली आसता. घरात माणूस मात्र नाय."

मला तिथे फार वेळ थांबवेना.

बंदरावरचे इस्माईलभाई होडीवाले. मासळी कमी झाली होती, म्हणून ते एकदा आशेने आले. "दाजीनू, तुमी रोज खाली जातास. मासळी खंय आसा तां तरी सांगा."

"मासळी नाय रे," दाजी गंभीरपणे म्हणाले. "ही गाडी रिकामीच धावता."

लोडशेडिंग आमच्या पाचवीला पुजलेलं. वीज गेली की दाजी हेल्मेट काढत नसत. मी कंदील घेऊन डोकावले की म्हणत, "गाडी बंद पडलीसा. प्रवाशांनी उतरू नये." बंद यंत्रामागे त्यांचे डोळे उघडे असत की मिटलेले, कळायचं नाही.

खोकं आल्यावर चार वर्षांनी विलास आला, एकटाच, मोजक्या दिवसांसाठी. दाजींनी दाढी केली, जुना खाकी गणवेश चढवला, कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या मांडल्या. "तुझो रूट आज मियां तुका दाखवतंय." विलासने हेल्मेट घातलं. फोंडा घाट संपायच्या आत काढलं. "बाबानू, डोळे दुखतत," म्हणून तो बाहेर पडला आणि आमच्या पायरीवर येऊन बसला.

माझ्याशी तो शुद्ध मराठीतच बोलत असे. "बाई, ही मोहीम माझी नाही. मी जहाजावरचं काम कधीच सोडलंय. ते हेल्मेट ऑफिसात टाकून देणार होते, मी उचललं. सीडी तर शाळांना फुकट वाटायची."

तो खाली बघत राहिला.

"आई गेली तेव्हाही मी तिकडे माझ्या घरीच होतो. ती नसलेल्या घरात यायचा धीर झाला नाही. बाबांना सांगू नका."

दोन दिवसांनी सकाळी दाजी त्याला कणकवलीला रेल्वेत बसवून आले. त्या संध्याकाळी घोषणा झाली नाही. मी बांगड्याचं कालवण घेऊन गेले. कॉम्प्युटरवर चादर होती. दाजी फोनशेजारी बसले होते.

"तेना तुमका सांगलान मां?" त्यांनी विचारलं.

मी भांडं खाली ठेवलं.

"माका पयल्याच दिवशी कळलां, बाई. ही गेली ती बातमी मियां दिलंय, तेव्हा फोनार म्हणता, बाबानू, मी जहाजार आसंय. आणि पाठसून कुकराची शिट्टी. म्हटलां, जहाजारय कोण तरी भात लावीत आसतलो. मगे पोरग्यान 'पप्पा' म्हणान हाक मारलान. जहाजार पोरांका कोण नेता?"

"मग दाजी, इतकी वर्षं रोज खाली कशाला जात होता?"

"तेना धाडलान म्हणान. लाज वाटली, म्हणान धाडलान. लाज वाटता म्हणजे अजून तो आपलो आसा. एवढां एकच बघूक दिलान माका. तां पण बघूक नको?"

फोन वाजला. दाजींनी तो पहिल्याच घंटेला उचलला.

"विमानतळार पोचलस? जेवलस? ... व्हय, आत्ताच खाली जावन इलंय. तुझ्या त्या मोठ्या डोंगरापर्यंत गेलंय आज."

त्यांनी माझ्याकडे पाठ केली. आवाज हळू झाला.

"माका त्यातला काय कळणा नाय, झिला. पण काम बरां केलंस."