मी वेग मोजत होतो

गावाबाहेर घर घ्यायचं ठरवलं ते मी. कारण काय, तर शांतता. घर पाहायला आलो तेव्हा मी खिडक्या उघडून पाहिल्या, नळ सोडून पाहिले, भिंतीवर जाणकारासारख्या टिचक्याही मारल्या. मोबाइल मात्र खिशातून काढला नाही. तो राहायला आल्यावर काढला, आणि मग कळलं की इथे शांतता जरा जास्तच आहे. फोन लागतो, नेट मात्र नाही.

माझं काही अडलं नाही. मी कारकून, सकाळी ऑफिसला जातो, तिथे नेट फुकट असतं. अडलं ते बायकोचं. ती गणिताची शिक्षिका. इतक्या लांबून शाळा जमेना म्हणून तिने नोकरी सोडली, तीही माझ्या शब्दावर. "घरी बसून ऑनलाइन शिकव की, हल्ली सगळे तेच करतात," असं मी म्हणालो होतो. (मी बऱ्याच गोष्टी अशाच म्हणतो.)

ब्रॉडबँडची केबल आमच्या रस्त्यावर रंगाच्या दुकानापर्यंत आली होती आणि तिथेच दमली होती. मी कंपनीला फोन लावला.

"सर, तुमच्या घरी आमची सेवा उपलब्ध आहे," पलीकडची मुलगी म्हणाली.

"नाहीये हो."

"आहे सर. मला नकाशात हिरवं दिसतंय."

"अहो, मी घरातच उभा आहे."

"मग तुम्हालाही दिसेल," ती गोड आवाजात म्हणाली, आणि समाधान झालं असल्यास एक दाबायला सांगून गेली. मी एक दाबला. तोंडावर नाही म्हणायला मला जमत नाही.

शेवटी एक डिशवाला सापडला. त्याने गच्चीवर ताटाएवढी डिश बसवली, तिचं तोंड टेकडीवरच्या टॉवरकडे केलं आणि बजावलं, "नेट बारीक आहे साहेब. एका वेळी एकाचंच काम होईल." हे मी ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण बायको शेजारीच उभी होती.

आणि तिला बोलावणं आलं. एका मोठ्या शिकवणी कंपनीला सातवीच्या वर्गासाठी शिक्षिका हवी होती. आधी एक चाचणी-वर्ग घ्यायचा, तो कंपनीच्या बाई बघणार, आवडला तर नोकरी पक्की. बायकोने अपूर्णांक शिकवायला पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या, कपाटाच्या दाराला फळा टांगला, आणि नोकरी सोडल्यापासून खणात पडलेलं घड्याळ काढून मनगटावर बांधलं. ते बघून मला बरं वाटलं.

"तू फक्त शिकव," मी म्हणालो. "नेटचं मी बघतो."

"तुम्ही काही बघू नका," ती म्हणाली.

पण मी बघितलं. तिने आतल्या खोलीचं दार लावलं आणि मी घरभर फिरून नेट खाणाऱ्या सगळ्यांचे कान पिळले. आईची फोनवरची मालिका बंद करून तिचा फोन खिशात टाकला. "सुनेसाठी सोडतेय हो, तुझ्यासाठी नाही," आईने खुलासा केला. माझा फोन तेवढा चालू ठेवला. कोणीतरी देखरेख करायला हवी ना.

स्वयंपाकघरात बसून मी वेग मोजायचं अॅप उघडलं. त्यात गाडीतल्यासारखा काटा असतो. बटण दाबलं की काटा थरथरत वर जातो. मी दाबलं. आतून बायकोचा आवाज आला, "हॅलो, ऐकू येतंय का?"

मी दचकलो. तिचं नेट अडकतंय की काय, म्हणून पुन्हा मोजलं. काटा आधीपेक्षा खाली. आतून, "हॅलो? मी दिसतेय का?"

"आई, तू मालिका लावलीस?"

"फोन तुझ्याच खिशात आहे माझा."

मी पुन्हा मोजलं. मग डिश हलली असेल म्हणून गच्चीवर धावलो. एका हाताने डिश धरली, दुसऱ्या हाताने मोजत राहिलो. खाली बायको "हॅलो, हॅलो" करत होती आणि वर मी जिवाच्या आकांताने बटण दाबत होतो. डिश डावीकडे, दाब. उजवीकडे, दाब. आणि अचानक काटा सरसर वर गेला. इतका वर तो कधीच गेला नव्हता.

मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आलो, दार ढकललं आणि म्हणालो, "आता बघ कसं चालतंय!"

लॅपटॉप मिटलेला होता. बायको चकत्या गोळा करत होती. कंपनीच्या बाईंनी चित्र थिजतंय म्हणून वर्ग मध्येच थांबवला होता.

"काय करत होतात तुम्ही?"

"वेग मोजत होतो."

"कितीदा?"

मी फोन पाठीमागे धरला.

"आणि मोजायला काय लागतं?"

"नेट," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला सगळं कळलं. काटा वर का गेला तेही कळलं. तिचा वर्ग संपला होता म्हणून.

दारात उभ्या असलेल्या आईने विचारलं, "म्हणजे टाकीत पाणी आहे का बघायला हा टाकीच उपसत होता?" बायकोने घड्याळ सोडून परत खणात ठेवलं. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिची शाळाही माझ्यापायी गेली आणि आता हेही गेलं, हे मला त्या खणाच्या आवाजात चांगलंच ऐकू आलं. अजूनही तो खण कोणी उघडला की मी दुसऱ्या खोलीत जातो.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीच्या बाईंना फोन केला. सातवीचा वर्ग दुसऱ्या कोणाला देऊन झाला होता. परीक्षांनंतर नवा वर्ग निघाला तर पुन्हा बोलावू, असं त्या म्हणाल्या. निघेलच असं नाही.

"पण तोवर तुमच्याकडची ती अडचण दूर करून घ्या हं," बाई म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता.

"अडचण सापडली आहे मॅडम," बायको माझ्याकडे बघत म्हणाली. "दूर होण्यातली नाही. पण वर्गाच्या वेळी मी तिला बाजारात पाठवत जाईन."

"फोन घरी ठेवून," आईने आतून सांगितलं.