संकुलातील लुटीची सुनावणी

तमिळ मुलखातल्या आमच्या पेरुंगुडीत सकाळचे ऊन आधी दलदलीवरून उठते, मग फाटकाशी रचलेल्या पाण्याच्या कॅनवर निळे होऊन थबकते, पार्किंगमधल्या ओल्या कोलम-रांगोळीवर सावकाश पसरते आणि शेवटी लिफ्टच्या दाराशी येऊन, आत बोलावण्याची वाट पाहणाऱ्या पाहुण्यासारखे अवघडून उभे राहते. हा तपशील मला ठाऊक आहे, कारण कामावर जाण्याआधी मी रोज तिथेच उभा असतो. चौथ्या मजल्यावरची स्वरदा त्याच वेळी खाली येई, हा निव्वळ योगायोग. अलीकडे ती येत नाही. ऊन मात्र येते, म्हणून मीही येतो.

या योगायोगातून एक गीत जन्मले. संकुलाच्या गणेशोत्सवात ते मी गाणार होतो, स्वरदा ऐकणार होती, आणि माझ्या आयुष्याचे पुढे काय होणार ते तिच्या चेहऱ्यावर मला वाचता येणार होते. गीतात तिने माझी झोप लुटली होती, चैन लुटले होते, आणि तिसऱ्या कडव्यात ती मुद्देमालासह मागल्या जिन्याने पसार झाली होती. लोकप्रिय गीतांत तरुण लुटला जातोच. न लुटलेल्या तरुणाला कोणी चाल लावत नाही.

गीत मंजुरीसाठी समितीपुढे गेले. सचिव वेंकोबाराव तंजावरी मराठी. रूपक त्यांना पूर्ण कळले होते. अडचण एवढीच, की संकुल ‘चोरीमुक्त निवास’ पुरस्काराच्या स्पर्धेत होते आणि परीक्षक उत्सवालाच यायचे होते. लूट फाटकाबाहेर झाल्याचे दाखवता येईल काय, असे त्यांनी विचारले. ती भावनेशी प्रतारणा ठरेल, असे मी नम्रपणे कळवले. मग ‘लुटली’ऐवजी ‘परतीच्या बोलीवर नेली’ अशी दुरुस्ती सुचवण्यात आली. ती चालीत बसेना. अखेर ठरले, की आवारातील लुटीचे गीत आरोपीचे म्हणणे ऐकल्याखेरीज मंजूर करू नये. आरोपी कोण, असे विचारताच मी लाजलो आणि मजला सांगितला.

रविवारी स्वरदाला बोलावण्यात आले. नियमानुसार आरोप तिच्यासमोर चालीवर मांडणे आवश्यक होते. मी मान खाली घालून तिन्ही कडवी गायलो.

“ह्यांची झोप घेतलीस काय, अम्मा?” वेंकोबारावांनी विचारले.

“नाही.”

“चैन?”

“नाही, सर.”

“मागल्या जिन्यानं जातेस, ते?”

“ते खरं आहे.”

मी मान वर केली. निदान एक ओळ तरी शाबीत झाली होती.

“का म्हणून? लिफ्ट आहे की.”

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले, आणि लगेच नजर काढून घेतली. “खाली हे उभे असतात म्हणून.”

समितीने आपसात डोकी जवळ आणली. मग निर्णय झाला: लूट घडलीच नसल्याचे आरोपीच्या तोंडूनच सिद्ध झाल्याने पुरस्कारास बाधा नाही, गीत एकमताने मंजूर. माझे अभिनंदन करण्यात आले. स्वरदा गेली, मागल्या जिन्याने. उठता उठता सभासद तिसरे कडवे गुणगुणत होते. ऐकले तर तुम्हीही गुणगुणाल, चाल चांगली आहे.

ती मला घाबरत होती.