पाच किलोंचा कॉम्प्युटर

मासळी तोलायच्या ताणकाट्याला कॉम्प्युटर टांगणारा माणूस आमच्या तारकर्लीत एकच आहे आणि तो माझ्या कुंपणापलीकडे राहतो. भाई कोचरेकर. पडवीच्या वाशाला काटा अडकवलेला, त्याला कधी पंखा, कधी मदरबोर्ड, कधी नुसता वायरींचा गुंता लोंबतोय, आणि खाली भाई डोळे बारीक करून आकडा वाचताहेत. चष्मा कपाळावर असल्यामुळे त्यांना काही दिसत नाही. मग कुंपणावरून हाक येते, "गो शैला, ह्या किती भरला ता बघ."

मी हातातलं काम टाकून जाते. माझ्या दोन खोल्या मी पर्यटकांना देते, सकाळी घावण्यांची घाई असते, पण भाईंना घाई म्हणजे फक्त स्वतःची घाई ठाऊक.

भाई वायरमन होते. नोकरीची सगळी वर्षं खांबांवर गेली आणि निवृत्तीनंतर हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. बाकी कुणाचंही न ऐकणाऱ्या या माणसाने हे एक वाक्य मात्र कायद्यासारखं धरलं. नारळाची पिशवीसुद्धा तोलून उचलतात. आणि कुठलीही वस्तू बिघडली, पेटली, हातात तुटून आली तरी त्यांचं म्हणणं ठरलेलं असतं, "तत्त्वान चालू आसा." त्यांच्या विहिरीवरचा पंप दोन वर्षं तत्त्वाने चालू आहे. पाणी ते माझ्याकडून नेतात.

कॉम्प्युटर कुंदावहिनींचा. वहिनी म्हणजे भाईंची बायको. ओरोसच्या एका कार्यालयात तीस वर्षं टायपिस्ट होत्या, आणि घरी आल्यावरही गावातले अर्ज, लग्नाच्या पत्रिका त्या याच यंत्रावर करून देत. मागे खिडकी, पुढे कॉम्प्युटरचा पडदा, आणि बोटं अशी चालायची की बोलायला गेलेलं माणूस आपलं बोलणं विसरून बघतच राहायचं. दीड वर्षापूर्वी त्यांच्यावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यांची भाची नर्स आहे, म्हणून खारेपाटणला भावाच्या घरी त्यांना ठेवलं. तिथे दोन खोल्यांत सहा माणसं. भाईंना झोपायला जागा नाही, आणि बायकोच्या माहेरी जाऊन राहायचं हे त्यांच्या बुद्धीला पटणारही नाही. ते दर गुरुवारी एस्टीने जातात आणि संध्याकाळी परत येतात.

तिथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. वहिनींच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर सारखी हलतात. भाईंनी ठरवून टाकलं की ती टाइप करतेय. तिला काहीतरी सांगायचं आहे.

आता साधा उपाय काय? पुतण्याने ठाण्याहून लॅपटॉप पाठवला. पण वहिनींची मराठी टायपिंगची ती जुनी पद्धत त्यावर चालेना, सगळ्या अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. जुना कॉम्प्युटर होता तसा टेम्पोने नेऊन पाहिला. वहिनी आडव्या, कॉम्प्युटर टेबलावर, आणि त्यांची मान तिकडे वळेना. झालं. भाईंनी मनावर घेतलं की याच यंत्राचे भाग काढून बिछान्यावर ठेवता येईल असा कॉम्प्युटर बांधायचा, एस्टीतून नेता येईल असा, आणि अर्थात पाच किलोंचा.

पहिला बांधला मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत. हलकी, आणि बर्फ दिवसभर टिकतो म्हणजे आतलं थंड राहणार, हा त्यांचा हिशेब. बांगडे थंड राहतात तर कॉम्प्युटर का राहणार नाही? थर्माकोलने आतली ऊब इमानेइतबारे आतच राखली. दहा मिनिटांत यंत्र तापून बंद पडलं आणि तापलेल्या पेटीला जो वास सुटला, त्याने वाडीतली पाच मांजरं पडवीत येऊन बसली. माझ्याकडे पुण्याचं एक जोडपं उतरलं होतं. ते विचारत होते, शेजारी कसलं हॉटेल आहे का. भाई मांजरांच्या घोळक्यात बसून म्हणाले, तत्त्वान चालू आसा.

दुसरा बांधला भजनी मंडळाच्या मोडक्या हार्मोनियमच्या खोक्यात. भाता, सूर, पट्ट्या सगळं काढून टाकलं, मागे भोकं पाडली, झाकणाला आतून मॉनिटरचा सोललेला पडदा बसवला. कीबोर्ड वहिनींचाच, अक्षरं पुसलेला. हे खोकं चालू करायच्या दिवशी त्यांनी नारळ ठेवला आणि चक्क गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या कोचरेकराच्या पडवेत आज जा काय मांडलेला आसा, ता तुझ्या नजरेखालचा. पंखो आवाज करता, तेका गप कर. वायर तापता, तिका थंड कर. एस्टीच्या धक्क्यातसून सगळा सांभाळून ने." गाऱ्हाण्याला 'होय म्हाराजा' म्हणायला माणसं लागतात. तिथे मी एकटी. हातात कालथा घेऊन मी तीनदा होय म्हाराजा म्हटलं, आणि तेव्हा माझ्याकडे उतरलेल्या एका बाईंनी त्याचा व्हिडिओ घेतला.

यंत्र चालू झालं. वजन भरलं पावणेसहा. मग स्पीकर गेला, पितळी कड्या गेल्या, अर्धे स्क्रू गेले. पाचाच्या वर काटा थोडासा उरला तेव्हा मी वैतागून म्हटलं की भाई, मी येते सोबत, मी उचलते, एकदा काय ते संपवा. माझा आवाज चढला होता. भाईंनी काट्यावरून नजर काढली नाही.

"त्या दिवशी सकाळी तिना सांगल्यान, हात बधिर झालो," ते म्हणाले. "मी म्हटलंय, झोपेत उशाखाली दबलो आसतलो. नि पंप खोलूक गेलंय. दुपारी इलंय तर ती खाली पडलेली."

भाईंनी काट्याला डोलणारं खोकं हाताने थांबवलं.

"माझ्यावर रागावलेली आसा काय नाय, येवढाच माका कळूक व्हया. दुसरा काय नको."

त्या क्षणी मला माझ्या चढलेल्या आवाजाची लाज वाटली. अजून वाटते.

गुरुवारी आम्ही निघालो. मालवणहून कणकवली, तिथून खारेपाटण. खोकं पाचाच्या थोडं वरच होतं, तरी भाईंच्याच मांडीवर, मला हात लावू दिला नाही. एस्टीत ज्याने त्याने विचारलं की बुवा, आज भजनाची बारी खंय? एकदोघांना भाईंनी खरं सांगून पाहिलं. मग सोडून दिलं आणि खारेपाटणात म्हणून सांगू लागले.

वहिनी मी पाहिल्या होत्या त्याच्या निम्म्या झाल्या होत्या. भाचीने त्यांना उशांवर टेकवलं, भाईंनी खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं, वायर भिंतीत लावली. पंखा घरघरला, पडदा उजळला, वहिनींचं पांढरं पान उघडलं. वहिनींनी ते ओळखलं. त्यांचे डोळे पडद्यावरून हलेनात. भाईंनी त्यांचा डावा हात उचलून कीबोर्डवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले, साहेबासमोर उभं राहावं तसे.

बोटं हलली. चादरीवर हलायची तशीच. पडद्यावर आलेली अक्षरं कुठल्याच भाषेतली नव्हती. भाईंनी ती पुसली, हात पुन्हा नीट ठेवला. पुन्हा तेच. असं चारपाच वेळा झालं. भाचीने त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की वाचा जाते तेव्हा लिहिणंही जातं, पुष्कळांचं असंच होतं. वाचलेलं मात्र आत्याला थोडंफार कळतं, रोज पेपर दाखवला की मथळ्यांवरून नजर फिरते.

भाईंनी मान हलवली. मला वाटलं आता खोकं बंद करतील. ते बिछान्याच्या कडेला बसले, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि एका बोटाने स्वतःच टाइप करू लागले. जन्मात कधी केलं नव्हतं. कीबोर्डवरची अक्षरं पुसलेली, त्यामुळे प्रत्येक अक्षर शोधायला पाचसहा बटणं दाबून बघत होते, चुकलेलं पुसत होते. भाचीचा चहा निवून गेला. दोन शब्द व्हायला पाऊण तास लागला.

'माझा चुकला.'

वहिनी कधीच्या वाचत होत्या. त्यांच्या तोंडाची डावी बाजू थरथरली. त्यांनी मान हलवायला सुरुवात केली, नाही, नाही, अशी, आणि डावा हात उचलला. तो हात कीबोर्डवरून सरपटत उजव्या टोकापर्यंत गेला. भाई मदतीला पुढे झाले तर भाचीने त्यांना धरलं. हात बरोबर पुसायच्या बटणावर थांबला.

एक एक करून अक्षरं गेली. आधी 'चुकला' गेलं, मग 'माझा'. पान कोरं झालं. पुसायला काही उरलं नव्हतं, तरी वहिनी ते बटण दाबतच राहिल्या. भाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला तेव्हा कुठे थांबल्या.