पोटऱ्या दुखतात काय?

आमच्या हिराजीकाकाला कुणी रामराम घातला, तर तो रामराम परत करत नाही. खाली वाकतो, तुमच्या पोटरीला दोन बोटं लावतो आणि विचारतो, "पोटऱ्या दुखतात काय?"

नवखा माणूस दचकतो. आम्हाला सवय आहे. आषाढ लागला की गणपती जाईपर्यंत, म्हणजे शेतात चिखल आहे तोवर, काका असा वाकलेलाच असतो. उन्हाळ्यात भेटाल तर अगदी चारचौघांसारखा. तंबाखू मळेल, भावकीच्या दोन चुगल्या सांगेल, पोटरीचं नाव काढणार नाही. घरात एकटाच असतो. गुलाबकाकी जाऊन सहा वर्षं झाली. लावणीच्याच दिवसांत तापाने गेली, आणि पुढच्या पावसाळ्यापासून काकाला हे खूळ लागलं.

आता आमचं गाव पेण आणि रोह्याच्या मधलं, भाताचं. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून लावणी केल्यावर संध्याकाळी पोटऱ्या कुणाच्या दुखत नाहीत हो? जेवायला बसलेल्याला भूक लागली काय विचारावं, तसला हा प्रश्न. बाया तर हसून लोळायच्या. "व्हय काका, दुखतात! द्या जरा दाबून!"

दाबायचं नाव काढलं की काका चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायचा. दोन बोटं टेकवायची, बस्स. तिसरं बोट त्याने कधी कुणाला लावलं नाही.

मग उलटतपासणी. "ताप हाय? डोकं ठणकतं? डोले बघू. लाल दिसतात रे. आन् लघवी? पिवली होते का? कमी होते का?" हे सगळं भर रस्त्यात, खणखणीत आवाजात, समोर बाई आहे की बुवा याची पर्वा न करता.

एकदा श्रावणात आमच्या बाळारामच्या मुलीला बघायला गागोद्याकडचे पाहुणे आले. मुलाचा बाप जरा लंगडत ओसरीवर चढला. झालं! काकाने त्याचं धोतर वर सारलं, पोटरीला बोटं लावली आणि विचारलं, "आज लघवीला कितींदा गेलात?" पोह्यांच्या बश्या घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली. पाहुण्याला नव्या चपलेने फोड आला होता, एवढंच. सोयरीक फिसकटली आणि बाळाराम दोन महिने काकाशी बोलला नाही. काकाला त्याचं काही नाही. "सोयरीक दुसरी येल. मानूस दुसरा येल काय?"

हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुसरंही एक होतं. "लावणीच्या दुखण्याला ताप नाय. निजून उठलं का ते कमी होतं. पन उंदराच्या तापात नुसती बोटं लावली तरी मानूस पाय वडून घेतो. वडून घेतलान का गाडी काढायची, गोळी खाऊन घरात बसायचं नाय."

उंदराचा ताप म्हणजे लेप्टो. शेतातल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळतं आणि पायाच्या चिरेतून अंगात शिरतं, हे काकाने दवाखान्यातल्या बाईंकडून घोकून घेतलं होतं. घोकलेलं तो पोराबाळांना ऐकवायचा, देवळात ऐकवायचा, एसटीत कंडक्टरला ऐकवायचा.

आणि मी काय करायचो? मी त्याची नक्कल करायचो. धाटावच्या कंपनीत चहाच्या सुट्टीला मी खाली वाकून सुपरवायझरची पोटरी धरली की अख्खी शिफ्ट पोट धरून हसायची. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. का, तेच सांगायला बसलोय, पण माझं तोंड लवकर उघडत नाही.

गेल्या पावसाळ्यात साप्ताहिक सुट्टीला मी घरच्या लावणीत उतरलो. टाचेला भेग होती, तिकडे कोण बघतो! आठेक दिवसांनी थंडी वाजून ताप भरला आणि कपाळात घण पडायला लागले. मी तापाची गोळी घेतली. शिफ्टचा शीण असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, दुसऱ्या पाळीला जायचं म्हणून शर्ट घालत होतो, तर बायकोने काकाला बोलावून आणलेलं. मी चिडलो. "काका, तुझं ते खूळ आज नको हां!"

काकाने दोन बोटं लावली आणि माझा पाय आपोआप मागे गेला. किंचाळलोच मी.

 काका उठला आणि दारात, उंबऱ्यालगत आडवा झाला. "जायचा आसंल तर माझ्यावरून जा."

अंगात ताप म्हणून त्या दिवशी गाडीऐवजी बसने जाणार होतो; रस्त्यावर कंपनीची बस हॉर्न मारत होती. काकाने पडल्या पडल्याच ओरडून सांगितलं, "जा रे बाबा! येत नाय तो!" बस गेली. शेजाऱ्याच्या रिक्षात मला कोंबला आणि रोह्याच्या सरकारी दवाखान्यात नेला. रक्त तपासलं. लेप्टोच निघाला. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. अजून दोन दिवस काढले असते तर किडनीवर गेलं असतं."

चार दिवस सलाईन लावून पडलो होतो. काका पायथ्याशी स्टुलावर बसून. तिथेही स्वस्थ नाही, शेजारच्या खाटांवरच्या सगळ्या पोटऱ्या तपासून आला. सिस्टरने दोनदा दटावला. तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर मला जरा बरं वाटलं आणि मी लाडात येऊन म्हटलं, "काका, पाय आखडलेत रे. दे ना जरा दाबून."

काकाचा हात मागे गेला. तो धोतराचा सोगा नीट करत बसला.

"दाबायचा नाय," तो म्हणाला. "गुलाबचे मी दाबले. दोन दिस दाबले, खोबरेल लावून. पहिल्यांदा हात लावला तर पाय वडून घेतलान. मी म्हटलं, लावणीत पाय कुनाचे दुखत नाय? आन् धरून दाबला. मंग गप पडून राहिली. मला वाटला, बरं वाटतंय. आता कलतं, दुखत आसनार. मी दाबतोय म्हनून गप राहिली ती. चवथ्या दिशी डोले पिवले झाले तवा नेली हितं. लय उशीर झाल्ता."

एवढं बोलून त्याने माझ्या पायावरची चादर सारखी केली.

"मी म्हटलं," असं काका म्हणाला खरा. पण लावणीत पाय कुणाचे दुखत नाहीत, हे त्याने म्हटलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी मी रात्रपाळी करून सकाळी घरी येत होतो. काका वाटेवर उभा होता, मला हात करून थांबवलं. म्हणाला, "पोरा, काकीला ताप हाय, पायाला हात लावून देत नाय. गाडीवरून रोह्याला नेतोस काय?" गाडी माझ्या बुडाखाली चालूच होती. टाकीत पेट्रोल होतं. मला झोप आली होती, दुसरं काही नाही. मी म्हटलं, "काय काका! लावणीत पाय कुणाचे दुखत नाय? दे जरा दाबून, उतरेल." आणि गाडी पुढे काढली.

दाबून दे, हे मी सांगितलं होतं. काका माझं ऐकून घरात गेला आणि खोबरेलाची बाटली घेऊन बसला. आणि मी पुढे वर्षानुवर्षं त्याची नक्कल करत होतो.

मी उठून बसलो. सलाईनची नळी ताणली गेली. म्हटलं, "काका, त्या सकाळी तू मला थांबवलंस ना, तेव्हा मीच तुला..."

काका वाकला. माझ्या पोटरीला दोन बोटं लावली.

"पोटऱ्या दुखतात काय?"

"नाय," मी म्हटलं.

"मंग झाला तर," काका म्हणाला, आणि सिस्टर बघत नाही असं पाहून नव्याने आलेल्या पेशंटच्या खाटेकडे निघाला.

माझं वाक्य तसंच अर्धं राहिलं. ते इथे पूर्ण केलंय. काका हे वाचणार नाही आणि त्याच्यासमोर माझं तोंड उघडणार नाही. यंदा लावणी सुरू झाल्यापासून मी एवढंच करतो. शिफ्टहून येताना त्याच्या दारापाशी गाडी थांबवतो आणि इंजिन चालू ठेवून विचारतो, "काका, कुणाला न्यायचंय काय?"